जांभळी रेघ

कारखान्यात तिला सगळे रंगारीण म्हणायचे. आयुष्यात तिने कधी ब्रश हातात धरला नव्हता, पण ती जो लाल रंग बनवायची तो दुसऱ्या कुणालाच तसा साधत नसे. दिवस गेलेत की नाहीत हे घरच्या घरी पाहायची पट्टी मिळते ना, ती बनवणारा हा कारखाना. लघवीचे तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. त्या रेघेचा लाल रंग शाईचा नसतो. ते सोनं असतं, खरंखुरं सोनं.

लग्नानंतर सासूबाईंना हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्या हातातला कप खाली ठेवून हसत सुटल्या होत्या.

“सोनं लाल होतं म्हणे! उद्या सांगशील, चांदी पिवळी होते.”

“होतेच की, आई. तितकी बारीक केली की पिवळीच दिसते.”

“आणि मी बारीक झाले की कशी दिसेन?”

“ते आपल्याला कधी कळेल असं वाटत नाही.”

सासूबाईंनी हा विनोद पुढचे आठ दिवस इमारतीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितला, तोही स्वतःच्या अंगावर घेऊन. बाई तशी मोकळी होती, बोलायला लागली की थांबत नसे.

रंगखोली कारखान्याच्या अगदी टोकाला होती. खिडकी उत्तरेकडे, ऊन थेट येऊ नये म्हणून. रंगारीण सकाळी आली की आधी काचेचे चंबू धुवायची, आणि तेही साबणाने नव्हे, सोन्यालासुद्धा विरघळवणाऱ्या आम्लाने. चंबूला बोटाचा डाग जरी राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात. मग शुद्ध पाणी उकळायचं, त्यात सोन्याचा क्षार टाकायचा. पाणी फिकट पिवळं व्हायचं. मग सायट्रेटचं द्रावण एका दमात ओतायचं आणि बघत उभं राहायचं. आधी रंग पार उडून जायचा, पाण्यात काही नाहीच असं वाटायचं. मग शाई सांडल्यासारखी काळसर झाक, मग जांभळी, आणि मग बघता बघता डाळिंबाच्या रसासारखा लाल. त्यातला सोन्याचा एकेक कण इतका लहान, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत दोन हजार कण ओळीने बसावेत. इतकं लहान झालं की सोनं आपला पिवळेपणा सोडून देतं. बारा वर्षं हे रोज पाहूनही त्या शेवटच्या मिनिटाला ती श्वास रोखून धरायची.

पुढचं काम जास्त नाजूक. त्या कणांवर अँटिबॉडीचं आवरण चढवायचं. गरोदर बाईच्या अंगात जे हार्मोन तयार होतं, त्याला हे आवरण घट्ट पकडतं, आणि पट्टीवरची रेघ त्या जोडीला अडवून धरते. असे लाखो कण एका जागी अडकले की रेघ उमटते. आवरण नीट बसलं की नाही ते पाहायला मिठाची परीक्षा असे. थोडा रंग नळीत घ्यायचा, मिठाचं पाणी घालायचं, दहा मिनिटं थांबायचं. आवरण पुरं असेल तर रंग लालच राहतो. कुठे उघडे कण राहिले असतील, तर मीठ लागताच ते एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळा पडतो. जांभळा पडला की अख्खा घाणा, म्हणजे त्या खेपेचा सगळा रंग, फेकून द्यायचा. त्यात चर्चा नाही.

लग्नाला सात वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस, दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत काम करून आल्यामुळे असेल, पण घरीही आवाज न करता वावरायचा. रंगारीण दर महिन्याला न्हाणीघरात जाऊन स्वतःच्याच रंगाची एक रेघ बघून यायची, आणि तो दारातल्या तिच्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता चहा टाकायचा. आठव्या वर्षी एका सकाळी तिला दोन रेघा दिसल्या. दुसरी इतकी ठसठशीत लाल होती, की तिने ती आधी धंद्याच्या नजरेने पाहिली. चांगला घाणा होता, म्हणाली मनात. आणि मग कुठे नवऱ्याला हाक मारली.

पाचव्या महिन्यात ते गेलं. कुणाची चूक नव्हती, डॉक्टरीणबाईंनी तसं तीनदा सांगितलं. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरात सासूबाई गप्प. त्या बाईचं गप्प बसणंच सहन होईना. नवरा समोर आला की दोघं नजर चुकवायची. पाचव्या दिवशी रंगारणीने डबा भरला आणि कामावर गेली.

“अगं, रजा आहे ना तुझी?” तपासणीचे साहेब म्हणाले. प्रत्येक गोष्ट डोळ्याजवळ नेऊन बघायची सवय, म्हणून त्यांना सगळे दुर्बीण म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

“घरी बसून काय करू, साहेब?”

साहेबांनी वाट सोडली.

त्या दिवशीचा घाणा तिने नेहमीसारखाच केला. रंग छान उतरला. आवरण चढवलं, नळीत मीठ घातलं, घड्याळ लावलं. दहा मिनिटं. आणि दुसऱ्या की तिसऱ्या मिनिटाला तिला छातीपाशी ओलं लागलं. खाली बघते तर पांढऱ्या कोटावर दोन डाग पसरत चाललेले. दूध आलं होतं. हे असं होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिने ऐकलं नव्हतं. ती प्रसाधनगृहात गेली, दार लावलं, कागदाचे रुमाल छातीशी दाबून उभी राहिली. किती वेळ ते तिला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा घड्याळ वाजून वाजून थांबलं होतं. पाऊण तास उलटून गेला होता.

नळी उजेडात धरली. लाल होता रंग. की किंचित जांभळ्याकडे झुकला होता? पाऊण तासाने थोडं इकडेतिकडे होणारच, ती स्वतःला म्हणाली. नियम असा, की वेळ चुकली तर परीक्षा पुन्हा घ्यायची. पुन्हा मीठ, पुन्हा दहा मिनिटं उभं राहायचं. तिच्याच्याने दहा मिनिटं उभं राहवेना. तिने नोंदवहीत लिहिलं: “दहा मिनिटांनंतर लाल. बदल नाही.” खाली सही केली आणि नळी ओतून टाकली.

पट्ट्या तयार झाल्या तेव्हा पुढच्या तपासणीत त्या पासही झाल्या. ताज्या होत्या, उघडे कण चिकटायला वेळ लागतो.

दहा आठवड्यांनी दुर्बीण एक पाकीट घेऊन रंगखोलीत आले.

“तक्रार आली आहे. ही पट्टी सोबत पाठवली आहे. वीस वर्षांत हाताने लिहिलेली तक्रार मी पहिल्यांदा बघतोय. वाच.”

पत्र एका चष्मेवालीचं होतं. वय बेचाळीस. गावात तिचं चष्म्याचं लहानसं दुकान, नवरा मालवाहू बोटीवर. अक्षर बारीक आणि सरळ.

“मला तुमच्याकडून भरपाई नको,” तिने लिहिलं होतं. “मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. यजमान सुट्टी संपवून बोटीवर परतल्यावर पंधरा दिवसांनी, एकाच खोक्यातल्या दोन पट्ट्यांवर मला दोन-दोन रेघा दिसल्या. दुसरी रेघ फिकी होती, पण होती. मी चष्मे बनवते, मला फिकं दिसतं. अकरा दिवस मी गरोदर होते. बाराव्या दिवशी रक्त आलं. डॉक्टर म्हणतात, कदाचित होतं आणि अगदी सुरुवातीलाच गेलं, किंवा कदाचित नव्हतंच, आता सांगता येणार नाही. पुढच्या महिन्यात माझे यजमान बोटीवरून उतरतील. मी त्यांना गेलं म्हणून सांगू, की नव्हतंच म्हणून सांगू? मी रोज रडते. कुणासाठी रडते ते मला कळायला हवं.”

रंगारणीने पट्टी दिव्याखाली धरली. एकदा बघितल्यावर दुसऱ्यांदा बघायची गरजच नव्हती. वरची रेघ, जी नेहमीच येते, ती लाल. खालची, जिच्यावर त्या बाईचे अकरा दिवस उभे होते, ती फिकी जांभळी. हार्मोनने धरलेलं सोनं जांभळं दिसत नाही. हे कण आधीच एकमेकांना चिकटून गोळा झालेले, वाटेत आपोआप अडकलेले. मग खोक्याचा क्रमांक पाहिला. तिने नोंदवही काढली, तारीख शोधली. दहा मिनिटांनंतर लाल. बदल नाही.

प्रत्येक घाण्याच्या काही पट्ट्या कारखान्यात राखून ठेवलेल्या असतात. तिने त्यातल्या वीस काढल्या आणि प्रत्येकीवर नियमाप्रमाणे गरोदर नसलेल्या बाईचा नमुना टाकला. पाच मिनिटांनी सात पट्ट्यांवर जांभळी सावली उमटली. सातही पट्ट्या ओळीने मांडून ती दुर्बिणींकडे गेली.

“साहेब, हा घाणा परत मागवा.”

त्यांनी एकेक पट्टी डोळ्यापाशी नेली. बराच वेळ पाहिली आणि ठेवली. मग म्हणाले, “मागवतो. तेव्हा पास झाला, नंतर बिघडला. साठवणीत आवरण सुटलं असणार. असं होतं. तसंच लिहितो.”

“तसं नाही झालं. मिठाची परीक्षा मी बघितलीच नाही. नोंद खोटी आहे.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तू काय बोलतेस कळतंय का तुला? मला तारीख दिसतेय. मला आठवतंय तू तेव्हा कुठून आली होतीस. मी तुला घरी पाठवायला हवं होतं. मी नाही पाठवलं. हे असंच राहू दे.”

“नाही राहू देता येणार, साहेब.”

“का?”

“तिला उत्तर काय देणार आपण?”

“जे सगळ्यांना देतो ते. पट्टीचा निकाल डॉक्टरांकडून पक्का करून घ्यावा.”

रंगारणीने टेबलावरचं पेन उचललं. तिने नोंदवहीत त्या ओळीवर एक रेघ मारली, बाजूला खरं काय ते लिहिलं, आजची तारीख घातली आणि पुन्हा सही केली. साहेब खुर्चीत बसून बघत राहिले.

घाणा परत मागवला गेला. निम्म्याहून जास्त खोकी तोपर्यंत वापरून झाली होती. त्यातल्या किती जणींना ती सावली दिसली, किती जणी हसल्या, किती जणींनी घरात सांगितलं, याचा हिशोब कुणाकडेच नव्हता. रंगखोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली गेली. वरच्या मॅडम ओरडल्या नाहीत. “तुम्ही खरं सांगितलंत म्हणून नोकरी राहिली,” एवढंच म्हणाल्या, आणि तिला खोकी बांधायच्या विभागात पाठवलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती पाकिटावरच्या पत्त्यावर गेली. घरी सांगितलं, जरा चष्म्याचं बघून येते.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर चौकटींच्या रांगा, आत कोपऱ्यात भिंगाची कड घासायचं यंत्र. चष्मेवाली एका लहान मुलीच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होती. तो बसवून, दांड्या दोनदा उघडमीट करून, मुलीच्या आईच्या हातात देईपर्यंत रंगारीण बाजूला उभी राहिली. दोघी निघून गेल्यावर तिने आपण कोण ते सांगितलं.

चष्मेवालीने दाराची पाटी उलटवली आणि स्टूल पुढे केलं. “बसा. मला वाटलं, छापील कागद येईल.”

“येईल तोही. त्यात काही नसेल.”

“मग तुम्ही सांगा.”

वाटेत रंगारणीने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता हाताशी येईना.

“नव्हतं,” ती म्हणाली.

चष्मेवालीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “डॉक्टरांना सांगता येत नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“रंगावरून. खरी रेघ लाल असते. तुमची जांभळी होती. आतलं सोनं बिघडलेलं होतं, ते तिथे आपोआप अडकलं. त्याला धरायला कुणी नव्हतं. पोटात काही नसलेल्या कुठल्याही बाईला, मलासुद्धा, अशीच रेघ आली असती. आम्ही दुसऱ्या पट्ट्यांवर करून पाहिलं.”

“बिघडलं कसं?”

“मी बिघडवलं. एक परीक्षा घ्यायची असते. मी ती घेतली म्हणून लिहिलं, घेतली नव्हती.”

चष्मेवाली उठली. काउंटरवरचा मऊ कापडाचा तुकडा घेऊन ती एक भिंग पुसू लागली, जे आधीच स्वच्छ होतं.

“मी त्यांना बोटीवर फोन केला होता,” ती म्हणाली. “आवाज नीट येत नव्हता, म्हणून मी दोनदा ओरडून सांगितलं. इथून, याच दुकानातून. त्यांनी सगळ्या खलाशांना सांगितलं. आचाऱ्याने शिरा का काय केला म्हणे. हे पन्नाशीचे आहेत. फोनवर रडले.” ती थांबली. “गेलं असतं, तर निदान आलं होतं असं तरी म्हणता आलं असतं.”

रंगारीण मान खाली घालून ऐकत होती.

“तुम्हाला मुलं आहेत?”

“नाही.”

“तरीच. असती तर तुमच्या हातून असं झालं नसतं.”

रंगारणीच्या ओठापर्यंत सगळं आलं. पाचवा महिना, पाचवा दिवस, कोटावरचे डाग. एक वाक्य बोलली असती तर समोरची बाई कदाचित विरघळली असती, जवळ येऊन बसलीही असती. पण ते वाक्य म्हणजे माफी मागणं झालं असतं, आणि जिचं सगळंच काढून घेतलं तिच्याकडून वर आणखी माफी काय मागायची?

“माझी पट्टी परत मिळेल?” चष्मेवालीने विचारलं.

“फायलीला लागली. नाही देता येणार.”

“बरं.” तिने भिंग खाली ठेवलं. “तुम्ही आलात ते बरं केलंत असं मी म्हणणार नाही. आता जा.”

पुढे तिने नवऱ्याला काय सांगितलं, ते रंगारणीला कधीच कळलं नाही. त्या दुकानावरून ती पुन्हा गेली नाही.

घरी आली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. तिने पिशवी ठेवली, त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. कोटावरच्या दुधापासून ते पाटी उलटवलेल्या दारापर्यंत. तो सुरी हातात धरून ऐकत राहिला. दुधाचं त्याला माहीत नव्हतं. तीन महिने एका घरात राहून माहीत नव्हतं.

“ती म्हणाली, कुणासाठी रडते ते कळायला हवं,” रंगारीण म्हणाली. “मला येताना सारखं तेच. तिच्याकडे कुणी नव्हतंच. माझ्याकडे होतं, आणि मी बघितलंसुद्धा नाही.”

दवाखान्यात तिला विचारलं होतं, बघायचंय का. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. नवऱ्याला बाहेर बोलावून नेलं होतं आणि तो बऱ्याच वेळाने परत आला होता. त्यानंतर दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं.

“तू बघितलंस?” तिने विचारलं.

त्याने सुरी खाली ठेवली. हे विचारायची तो इतके दिवस वाटच बघत असावा.

“मुलगी होती,” तो म्हणाला. “एवढीशी. माझ्या दोन तळहातांत मावली. बोटं सगळी झालेली होती, मी मोजली. एक मूठ मिटलेली होती.” त्याने आपली मूठ मिटून दाखवली. मग म्हणाला, “मला नीट गुंडाळता येईना. आईने गुंडाळलं.”

“आई होत्या तिथे?”

“मीच बोलावलं होतं. मला एकट्याला जमेना.”

रंगारीण उठली. बाहेरच्या खोलीत सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर काही काम नव्हतं, नुसते हात होते. आतलं सगळं त्यांनी ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. इतके दिवस त्या कशामुळे गप्प होत्या ते रंगारणीला आत्ता कळलं. तिला वाटत आलं होतं, की त्या रागावल्या आहेत.

“आई, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत.”

“तू भिंतीकडे तोंड केलं होतंस ना, बाळा. मग मी कुणाला सांगू?” सासूबाईंनी सरकून जागा केली. “माझ्या जुन्या साडीचा मऊ तुकडा होता पिशवीत. कशाला घेतला होता कोण जाणे, दवाखान्यात लागतं काहीतरी म्हणून. त्यात घेतलं. केस होते गं तिला. बारीक, लव असते तसे, पण होते.”

रंगारीण त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. सासूबाईंनी तिला गप्प केलं नाही. त्या सांगत राहिल्या, त्यांच्या नेहमीच्या सवयीने, काही न गाळता. कपाळ कसं होतं, नर्सने आधी काय म्हटलं, त्यांनी कानात काय सांगितलं. आतून नवरा आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मध्येच तो म्हणाला, “नाही आई, डावी मूठ मिटलेली होती,” आणि सासूबाई म्हणाल्या, “हो, डावी,” आणि पुढे सांगू लागल्या.